पानथरी गेल्यावरचा ताप

२०२३ सालच्या चवथीच्या पाचव्या दिवशी रात्री अकराच्या सुमाराला बहिणीचा फोन आला. "दादा, पोराला जोर आलाय. दोन चादरी घातल्या तरी हुडहुडी थांबत नाही." आमच्याकडे डिचोली-पेडण्यात तापाला जोर म्हणतात. घरात कोकणी आणि वाचायला मराठी अशी आमची रीत, त्यामुळे आजारांची नावं दोन्हीकडची मिसळून येतात. संध्याकाळी वाड्यावरची मुलं गणपती पोचवायला गेली होती आणि तासभर पावसात भिजली होती. मी म्हटलं, "भिजलाय, दुसरं काय! पॅरासिटामॉल दे, सकाळी बघू."

हे मी बोललो. त्या रात्री एक गोष्ट मला आठवायला हवी होती आणि ती आठवली नाही, म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे. भाच्याच्या पोटात चार वर्षांपासून पानथरी, म्हणजे प्लीहा, नव्हती.

*

२०१९ च्या जुलैत तो माझ्याकडूनच घरी परत जात होता. मी डिचोलीत राहतो, बहीण दिली आहे पेडणे तालुक्यात. रस्ता अस्नोड्यावरून कोलवाळला जातो. तिथे शापोरा नदीचा पूल ओलांडला की धारगळ आणि पुढे पेडणे. पावसाळ्यात गुरं रात्री रस्त्यावर येऊन बसतात, कारण चिखलापेक्षा डांबर कोरडं असतं. अस्नोड्याच्या पुढे एका वळणावर म्हैस बसली होती. त्याने गाडी वळवली, घसरला आणि पडताना हँडलचं टोक डाव्या बरगडीखाली बसलं. खरचटलंही फारसं नव्हतं. उठला, गाडी उभी केली, चालू झाली का पाहिली आणि तशीच चालवत घरी गेला. वय एकोणीस. या वयात माणूस आधी गाडीला काय झालं ते बघतो.

घरी पेज जेवला. मग म्हणाला, डावा खांदा दुखतो. बहिणीने खांद्याला तेल चोळलं. खांद्याला मार लागलाच नव्हता, तरी तो का दुखावा, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पानथरी फुटून रक्त पोटात साचू लागलं की ते वर श्वासपटलाला टेकतं, आणि त्या पडद्याची नस मानेतून जिथून निघते तिथूनच खांद्याच्या कातडीची नसही निघते. मेंदूला वाटतं की खांदाच दुखतो आहे. शल्यचिकित्सक या खुणेला केरची खूण म्हणतात. गाडीवरून पडलेल्या मुलाने डावा खांदा दुखतो म्हटलं तर आधी पोटाचा विचार करावा, हे आज मी भेटेल त्याला सांगत असतो.

तीन तासांनी तो न्हाणीत चक्कर येऊन पडला. ओठ पांढरे पडले होते. ज्या रुग्णालयात नेलं तिथे सोनोग्राफीत पोटभर रक्त दिसलं आणि पहाटे शस्त्रक्रिया झाली. पानथरीचे दोन तुकडे झाले होते. ती काढली नसती तर मुलगा सकाळ बघत नव्हता, याबद्दल आमच्या घरात कोणालाही शंका नाही.

आठवड्याने घरी पाठवलं. कार्डावर गोळ्यांची नावं, टाके काढायची तारीख आणि सहा आठवडे जड उचलू नये असा शेरा होता. वर एका ओळीत एकच शब्द, स्प्लेनेक्टमी. आम्ही विचारलं होतं की पानथरी नसली तर पुढे काही त्रास? उत्तर आलं, काही नाही, माणूस पानथरीवाचून अगदी नॉर्मल जगतो. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेला अर्धा भाग आम्हाला कळायला चार वर्षं लागली.

*

पानथरी हा शब्द आता तरुणांना ठाऊक नसतो. शाळेच्या पुस्तकात प्लीहा येते आणि डॉक्टर स्प्लीन म्हणतात. आजीच्या पिढीत मात्र पानथरी हे अवयवाचंही नाव होतं आणि आजाराचंही. हिवताप वारंवार आला की डाव्या बरगडीखाली पोट टणक लागायचं, आणि 'त्याला पानथरी झाली' असं म्हणत. १८४० च्या दशकात डॉ. डेम्प्स्टर यांनी उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांकाठच्या गावांत मुलांच्या पानथऱ्या चाचपून कोणत्या गावात हिवताप किती ते ठरवायची रीत घालून दिली. पुढे जगभर हिवताप मोजायला तीच रीत वापरली गेली.

वाढलेली पानथरी नाजूक असते, थोड्या माराने फुटते. इंग्रजी अमदानीत या गोष्टीचा एक फार वाईट उपयोग झाला. साहेबाने नोकराला लाथ मारावी, नोकर मरावा आणि कोर्टात सांगितलं जावं की याची पानथरी आधीच बिघडलेली होती. १८७५ साली आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडी दाराशी आली तेव्हा हजर नव्हता म्हणून आपल्या मोतद्दाराला मारलं आणि तो मोतद्दार पानथरी फुटून मेला. फुलरला दंड झाला तीस रुपये. हा निकाल इतका लाजिरवाणा होता की व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७६ मध्ये त्याविरुद्ध जाहीर शेरा लिहिला आणि हिंदुस्थानातला गोरा समाज त्यांच्यावरच उसळला. हा किस्सा इथे सांगायचं कारण असं की आपल्या देशाने फुटलेल्या पानथऱ्या फार पाहिल्या आहेत. काढलेल्या पानथरीनंतर काय होतं ते मात्र आपल्या घरांत कोणाच्या बोलण्यात नाही.

हा अवयव मुठीएवढा, दीडशे ग्रॅमच्या आसपास, नववी ते अकरावी बरगडी यांच्या आड लपलेला. जिवंतपणी तो गडद जांभळा असतो. हृदय जेवढं रक्त ढकलतं त्यातला साधारण विसावा भाग त्यातून जातो. म्हाताऱ्या लाल पेशी अडवून मोडीत काढणं हे त्याचं एक काम. दुसरं काम आपल्या कथेशी संबंधित आहे. काही जंतूंच्या अंगावर साखरेचं गुळगुळीत वेष्टण असतं. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी (हिब) ही त्यातली मुख्य नावं. वाम मासा हातात धरायला जावं आणि सुळकन निसटावा, तसे हे जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या तावडीतून निसटतात. शरीराने त्यांच्यावर प्रतिपिंडांची खूण चिकटवली तर यकृतही त्यांना पकडतं, पण त्यासाठी खूण ठळक लागते. ओळख नसलेल्या जंतूला अर्धवट खुणेवर पकडणं फक्त पानथरीला जमतं. तिच्या अरुंद फटींतून रक्त इतकं सावकाश झिरपतं की निसटणाऱ्यालाही थांबावं लागतं, आणि वेष्टणाविरुद्धचे पहिले प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशीही तिथेच वस्ती करून असतात.

पानथरी गेली की हे दोन्ही जातं. मग घशात किंवा नाकात एरवी निमूट राहणारा न्यूमोकॉकस एखाद्या दिवशी रक्तात उतरला तर त्याला अडवणारं कोणी नसतं. तो दुप्पट, चौपट होत जातो.

*

हे कळायला वैद्यकशास्त्रालाही वेळ लागला. १९१९ मध्ये मॉरिस आणि बुलक या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून पानथरी काढलेले उंदीर संसर्गाने जास्त मरतात असं दाखवलं, आणि माणसांतही असंच होत असावं असं लिहूनही ठेवलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात किंग आणि शुमाकर या शल्यचिकित्सकांनी पाच तान्ह्या मुलांची हकीकत छापली. रक्ताच्या जन्मजात आजारासाठी त्यांच्या पानथऱ्या काढल्या होत्या. पाचही मुलांना पुढे गंभीर संसर्ग झाले आणि दोन दगावली. तिथून खरा शोध सुरू झाला. १९७३ मध्ये सिंगर यांनी तोवर छापून आलेल्या २,७९६ रुग्णांचा हिशोब मांडला. त्यातल्या ११९ जणांना रक्तात जंतू पसरण्याचा आजार झाला होता आणि ७१ जण त्यात गेले होते. थॅलेसेमियासाठी पानथरी काढलेल्यांत हे प्रमाण चारात एकाच्या घरात होतं. अपघातात फुटली म्हणून काढलेल्यांत ते दीड टक्क्याच्या आसपास होतं.

दीड टक्का हा आकडा ऐकला की मनाला बरं वाटतं. मलाही वाटलं असतं. पण ज्याला हा आजार होतो त्याच्यापुरता हिशोब निराळा असतो. एकदा तो सुरू झाला की निम्मे किंवा त्याहून अधिक रुग्ण वाचत नाहीत, आणि बहुतेक मृत्यू पहिल्या एक-दोन दिवसांत होतात. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन पानथरी गेलेल्या ७४० अमेरिकन सैनिकांचा मागोवा घेऊन १९७७ मध्ये एक अहवाल निघाला. ते बहुतेक तरुण, धडधाकट पुरुष होते. त्यांच्यात न्यूमोनियाने मरणाऱ्यांचं प्रमाण पुढल्या काही दशकांत इतरांहून जास्त निघालं. पहिली दोन-तीन वर्षं धोक्याची असतात हे खरं, पण धोका नंतर मुदत संपल्यासारखा संपत नाही. वीस-वीस वर्षांनी आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

अपघातवाल्यांत प्रमाण कमी का, याचं एक कारण मला फार विलक्षण वाटलं. पानथरी फुटताना तिचे बारीक कण पोटात उडतात आणि त्यातले काही रुजतात. त्यांना रक्तवाहिन्या फुटतात आणि पोटात ठिकठिकाणी पानथरीची रोपं उगवल्यासारखी होतात. ती थोडंफार काम करतात, पण किती करतात याचा भरवसा धरता येत नाही. भाच्याच्या रक्ताच्या काचपट्टीत पुढे हॉवेल-जॉली कण दिसले. लाल पेशीत उरलेले हे ठिपके एरवी पानथरी काढून टाकते. ते दिसले म्हणजे झाडू मारणारं कोणी नाही.

यात एका भारतीय डॉक्टरचं नाव घेतलंच पाहिजे. फुटलेली पानथरी काढायचीच, असा शल्यचिकित्सकांचा शिरस्ता होता. १९६८ मध्ये टोरांटोच्या बालरुग्णालयातले अनुभव डॉ. पी. उपाध्याय आणि डॉ. सिम्पसन यांनी छापले. रक्तस्राव थांबलेला असेल आणि मूल स्थिर असेल तर पानथरी आपली आपण भरून येते, असं त्यांनी मांडलं. उपाध्याय पुढे दिल्लीच्या एम्समध्ये बालशल्यविभागात होते. आज सीटी स्कॅन करून, अतिदक्षता विभागात नजरेखाली ठेवून किंवा रक्तवाहिनीतून तार घालून स्राव बंद करून मुलांच्या पानथऱ्या वाचवतात, त्याची सुरुवात तिथे झाली. पण रक्तदाब कोसळलेल्या मुलासाठी पहाटे तीन वाजता यातलं काहीच उपयोगाचं नसतं. तिथे पानथरी काढावीच लागते.

*

गोव्यात हे प्रसंग दुर्मीळ नाहीत. या एवढ्याशा राज्यात २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत अडीचशेहून अधिक माणसं रस्त्यावर मेली, आणि त्यात सर्वांत जास्त दुचाकीवरची होती. मेलेल्यांचे आकडे वर्तमानपत्रात येतात. पोटाला मार लागून शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्यांचे येत नाहीत. पेडण्यातून राष्ट्रीय महामार्ग ६६ पत्रादेवीपासून कोलवाळपर्यंत जातो. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमानं सुरू झाल्यापासून आसपासच्या गावांतली मुलं तिन्ही पाळ्यांना दुचाकीवरून ये-जा करतात. भाचाही तिथेच लागला. डिचोलीत खाणींचे ट्रक आहेत. याशिवाय माडावरून पडलेला पाडेली आहे, म्हशीने शिंग मारलेला गडी आहे, फुटबॉल खेळताना गुडघा बसलेला पोरगा आहे. चाळिशीच्या आतलेच बहुतेक.

आणि हीच मुलं डॉक्टरांच्या नजरेआड सर्वांत लवकर जातात. मधुमेहाच्या म्हाताऱ्याला दर महिन्याला गोळ्यांसाठी जावं लागतं, म्हणून कोणीतरी त्याला विचारतं. पानथरी गेलेला मुलगा दोन महिन्यांत क्रिकेट खेळू लागतो. त्याला गोळ्या नाहीत, पथ्य नाही, दुखत नाही. पोटावर उभा व्रण तेवढा उरतो, आणि तो शर्टाखाली असतो.

सीमेवरची गोष्ट आणखी वेगळी. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडचे अपघातग्रस्त बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) येतात, कारण त्यांना तेच मोठं रुग्णालय जवळ. २०१८ च्या सुरुवातीला परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात आंदोलनही झालं. शुल्काचं काय व्हायचं ते होवो, मला वेगळी चिंता वाटते. शस्त्रक्रिया गोव्यात होते आणि दोन वर्षांनी जोर येतो तो महाराष्ट्रातल्या गावात. तिथला डॉक्टर व्रण बघून विचारेल तरच विचारेल. मधल्या नाक्यावर कागद कधी कोणी पोचवत नाही.

*

त्या रात्रीकडे परत येतो. पॅरासिटामॉलने घाम आला, ताप उतरला, सगळे झोपले. पहाटे चारला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. बहिणीला वाटलं, प्रसादाचं काही बाधलं. सहाला तो म्हणाला की पाय गार पडलेत. साडेसहाला उजेडात तिने पाहिलं तर पोटऱ्यांवर जांभळे डाग होते, जांभूळ चिरडल्यावर फरशीवर पडतात तसे. जवळच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मुलगी पाळीवर होती. पेडण्यात त्या दिवसांत तापाचा रुग्ण आला की आधी डेंग्यू, मग लेप्टो, मग हिवताप असा क्रम मनात असतो, आणि तो योग्यच असतो. तिने डेंग्यूसाठी रक्त घेतलं आणि पोट तपासायला शर्ट वर केला.

"हे कसलं ऑपरेशन?"

"पानथरी काढली," बहीण म्हणाली.

बहीण सांगते, की त्या मुलीचा चेहराच बदलला. अहवालाची वाट न बघता तिने शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन दिलं, दोन्ही हातांना सलाईन लावलं आणि १०८ बोलावली. पेडण्याहून बांबोळी ३५-४० किलोमीटर. रुग्णवाहिकेत त्याचा रक्तदाब लागत नव्हता. बांबोळीला मी पोचलो तेव्हा तो मला ओळखत होता, पण जीभ जड झाली होती. मला म्हणाला, "मामा, पाळीला कळव रे, आज येत नाय म्हणून."

अकरा दिवस अतिदक्षता विभागात गेले. रक्तात न्यूमोकॉकस सापडला. असं जंतुसंक्रमण झालं की रक्त बारीक वाहिन्यांत गोठू लागतं आणि हातापायांची टोकं उपाशी पडतात. डाव्या पायाच्या तीन बोटांची टोकं काळी झाली आणि पुढे कापावी लागली. बाकी सगळं परत मिळालं. इंजेक्शन दोन तास उशिरा मिळालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मी तिथल्या एकाही डॉक्टरला विचारला नाही. धीर झाला नाही.

*

नंतर मी वाचत गेलो, विचारत गेलो, आणि कळलं की यातलं बरंचसं टाळण्याजोगं असतं. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत.

पहिली गोष्ट लस. न्यूमोकॉकसच्या दोन प्रकारच्या लसी आहेत. आधी संयुग्मित लस, तिच्यानंतर किमान आठ आठवड्यांनी तेवीस प्रकारांवरची लस आणि पाच वर्षांनी तिची पुन्हा एक मात्रा, असा नेहमीचा क्रम. नव्या लसी येत आहेत तसा तो बदलतो, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. शिवाय मेनिंगोकॉकसची, हिबची आणि दरवर्षी फ्लूची. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल तर निदान दोन आठवडे आधी लसी द्याव्यात. अपघातात तशी सवड नसते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी देतात. टाके काढायला बोलावतात ती तारीख आणि ही तारीख जवळपास सारखीच येते. त्या एका भेटीत काम होण्यासारखं आहे.

भाच्याच्या पिढीला लहानपणी यातलं काही मिळालं नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं. हिबचा अंश असलेली पेंटाव्हॅलंट लस गोव्यात २०१२-१३ च्या सुमारास आली. न्यूमोकॉकसची लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० च्या डिसेंबरात स्वतःची न्यूमोकॉकस लस बाजारात आणली होती. म्हणजे आज पाळण्यात असलेलं मूल या बाबतीत कॉलेजातल्या भावापेक्षा सुरक्षित आहे. २००० साली जन्मलेल्याला ती लस विकत घ्यावी लागते, कारण प्रौढांसाठी ती सरकारी वेळापत्रकात नाही. आमचं सगळ्या लसींचं बिल दहा हजारांच्या वर गेलं. मेनिंगोकॉकसची लस मागितली तेव्हा म्हापशातल्या औषधवाल्याने विचारलं, "हजला कोण चाललंय?" यात्रेकरूंना ती सक्तीची असते, त्यामुळे त्याच्याकडे एरवी ती मागायला दुसरं कोणी येत नाही.

दुसरी गोष्ट प्रतिजैविक. लहान मुलांना रोज पेनिसिलीन देतात. सिकलसेलच्या मुलांवर १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत रोज दोनदा पेनिसिलीन दिल्याने न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवून सर्वांना औषध सुरू केलं गेलं. सिकलसेलचा उल्लेख मुद्दाम केला. विदर्भात, नंदुरबारकडे ज्या घरांत हा आजार आहे तिथल्या मुलांची पानथरी कोणी कापत नाही. वाकड्या पेशी अडकून अडकून ती पहिल्या काही वर्षांतच आतल्या आत सुकून जाते. पोटावर व्रणही नसतो. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत या मुलांची तपासणी होते आहे. तपासणीत सापडलेल्या मुलाच्या आईला तापाचा अर्थ कोणी समजावून सांगितला का, हे मला मोहिमेतल्या कार्डवाटपापेक्षा मोलाचं वाटतं.

प्रौढांनी रोज गोळी घ्यावी का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण घरात, गाडीच्या डिकीत आणि प्रवासाच्या पिशवीत डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रतिजैविकाची एक खेप ठेवायची, हुडहुडी भरली की पहिली मात्रा घ्यायची आणि ताबडतोब रुग्णालयाची वाट धरायची, यावर मतभेद नाहीत. गोळी घेऊन घरी झोपायचं नाही. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य तापाबद्दल नको, पानथरीबद्दल हवं.

आणि तिसरी गोष्ट नोंद. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २००३ मध्ये पानथरी नसलेल्यांची नोंदवही सुरू केली. नाव नोंदवलेल्याला कार्ड मिळतं, लसींच्या तारखांची आठवण येते, त्याच्या डॉक्टरला पत्र जातं. पुढे पाहणीत नोंदवहीतल्या माणसांचे असे संसर्ग निम्म्याहून अधिक घटल्याचं दिसलं. गोव्यात हे करता येणार नाही असं मला कोणी सांगू नये. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी आरोग्य केंद्रातून बांबोळीच्या तज्ज्ञांपर्यंत काही मिनिटांत पोचवणारी व्यवस्था याच राज्याने उभी केली आहे. पानथरी काढलेली प्रत्येक शस्त्रक्रिया कोणत्या ना कोणत्या शस्त्रक्रियागृहाच्या वहीत लिहिलेली आहेच. त्या ओळी एकत्र आणायच्या, त्या माणसांना फोन करायचे. एका तालुक्यात अशी माणसं किती असणार? एका परिचारिकेला दुपारभरात सगळ्यांशी बोलता येईल.

तोवर आम्ही घरातली व्यवस्था केली. बहिणीने फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर माझा नंबर खाली आहे आणि १०८ वर. भाच्याच्या गाडीच्या किल्लीला प्लास्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड लटकतं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मच्छरदाणी आली, कारण हिवतापही पानथरी नसलेल्याला जोरात धरतो. कुत्रा चावल्यावर काय करायचं तेही कार्डावर लिहिलं. कुत्र्याच्या तोंडात कॅप्नोसायटोफागा नावाचा जंतू असतो. इतरांना तो सहसा काही करत नाही, पानथरी नसलेल्यांच्या रक्तात मात्र तो दोन-तीन दिवसांत थैमान घालू शकतो. आमच्याकडे कुत्रा चावला की सगळ्यांच्या मनात एकच इंजेक्शन येतं.

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, वाड्यावर नरकासुराचं काम चाललं होतं. गवत भरून झालं होतं, मुखवट्याला रंग चालला होता, स्पीकर लागला होता. फटाक्याने बिथरलेलं एक पिल्लू मुलांच्या पायांत घुसलं आणि भाच्याच्या पोटरीला त्याचे दोन दात लागले. रक्ताचे दोन थेंब आले असतील. मुलांनी हसून घेतलं. तो नळावर गेला, साबणाने पाय धुतला, किल्लीचं कार्ड काढलं आणि मला म्हणाला, "मामा, चल." लंगडत नव्हता, पण तीन बोटं तोकडी असल्यामुळे चपला चढवायला त्याला थोडा वेळ लागतो.

दवाखान्यात रात्रपाळीच्या सिस्टरने वही उघडून विचारलं, "कुत्रा कुठला? पाळलेला की रस्त्यावरचा?"

"रस्त्यावरचा," तो म्हणाला. "पण सिस्टर, आधी हे लिहा. मला पानथरी नाही."